यांचा मासा

धुळे,
१४ जून १९५६

रुपचंदभाऊजी यांस,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची रीत आहे. आज तो माझ्या हातून लिहिला जात नाही, आणि खोटा नमस्कार पाठवण्यात शाई घालवायची मला सवय नाही.

तुमचा छापील निबंध काल टपालाने आला. वर 'सप्रेम भेट' असा रबरी शिक्का. दोन अक्षरं हाताने लिहायला तुम्हांला फुरसत झाली नाही. असो. मी शाळेतून आले ती पायातली चप्पलही न काढता ओसरीवर वाचायला बसले. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण माशांचं इंग्रजी मला समजतं. यांच्याशी संसार केला त्यातला निम्मा त्याच भाषेत झाला. पश्चिमेकडच्या नद्यांतल्या फत्तरचट्टू माशांची नवी मांडणी, असा तुमचा विषय. कुठला मासा कुठल्या घरात बसतो, कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत, सगळं तुम्ही लावून टाकलेलं. मी आपला मासा शोधत गेले. ठळक अक्षरांत तो कुठेच नव्हता. मग सापडला, दुसऱ्या एका माशाच्या नावाखाली, बारीक अक्षरांत, आणि पुढे शब्द होता, 'सिनॉनिम'. म्हणजे असा वेगळा मासा जगात नाहीच. जुन्याच माशाला कुणीतरी चुकून दिलेलं हे दुसरं नाव.

कुणीतरी म्हणजे कोण, भाऊजी? नाव तुम्हीच दिलं होतं.

तेव्हा हे अमळनेरला कॉलेजात शिकवत होते आणि तुम्ही सुटी लागली की मुंबईहून मित्राचं घर म्हणून आमच्याकडे येऊन राहायचात. तेलाच्या गिरणीचा वास तुम्हांला सोसत नसे, म्हणून मी उंबऱ्यात उदबत्ती लावून ठेवायची. एकोणपन्नासच्या पावसाळ्यात हे साक्रीच्या वर आमच्या गावी गेले आणि कान नदीतून ते मासे घेऊन आले. बोटाएवढे, मातकट, मिशांचे. कुणाच्या ताटात पडले तर तो बाजूला सारेल. पण छातीला चुण्यांची गादी, आणि त्या गादीच्या जोरावर ते पुराच्या धारेतही दगडाला चिकटून राहतात. या माशांची सगळी वर्गवारी त्या गादीवर चालते, हे मला तुम्हीच शिकवलंत. साहेबांनी पूर्वी नाव देऊन ठेवलेल्या माशाच्या गादीत मधोमध एक उघडा खड्डा असतो. कानच्या माशाला तो नव्हता. चुण्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मी भिंगाखाली धरून चित्र काढलं, तुम्ही वर्णन लिहिलंत, आणि ज्याने मासा आणला त्याचं नाव माशाला, या तुमच्या लोकांच्या रिवाजाने यांचं नाव त्याला लागलं. हे इतके लाजले की जेवताना भाकरी मोडायची विसरले. तुम्ही त्यांना म्हणालात, "माणूस मरतो, मासा राहतो." शब्द तुमचे आहेत. माणूस मेला. मासा कुठे आहे?

यांना जाऊन तीन वर्षं होतील. मागे मूलबाळ नाही. शेत दिरांकडे. कॉलेजने यांच्या जागी दुसरा माणूस घेतला, तो चांगला शिकवतो म्हणतात. मी इथे मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि सासूबाई माझ्याजवळ असतात. यांचं म्हणून या जगात एकच काही उरलं होतं, ते त्या बोटभर माशाच्या मागे लागलेलं नाव. तेही तुम्ही दोन ओळींत पुसलंत, आणि त्याच्यावर 'सप्रेम भेट' मारून मलाच पाठवलंत.

मला रडून काही सांगायचं नाही. एकच विचारते. नाव मोडण्याआधी तुम्ही कोणत्या बरणीतले मासे पाहिलेत? उलट टपाली कळवा.

शेवंता


धुळे,
७ जुलै १९५६

भाऊजी,

उत्तर मिळालं. 'वहिनी, तुमच्या भावना मी समजू शकतो, परंतु शास्त्रात भावनेला स्थान नसते.' मी भावना कुठे पाठवल्या होत्या? मी बरणी विचारली होती. हळदीकुंकवाला आलेल्या बाईशी बोलावं तसं माझ्याशी बोलू नका.

बरणीचं उत्तर तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता दिलं आहे. लेबलावर यांचं नाव स्पष्ट टाइप केलेलं होतं, म्हणून ज्या माशांवरून नाव दिलं ते मूळ मासे याच बरणीत, असं तुम्ही धरून चाललात. पाहिलं तर प्रत्येकाच्या गादीत खड्डा. तेव्हा कानचा मासा वेगळा नाही, नाव रद्द.

वाचून मी हसले. सासूबाई आतून बघायला आल्या, इतक्या मोठ्याने हसले.

आता ऐका. हे गेल्यावर कॉलेजच्या कारकुनाने कपाटातल्या बरण्या तुमच्याकडे मुंबईला रवाना केल्या. पाठवण्याआधी ज्या ज्या बरणीला चिठ्ठी नव्हती, तिच्यावर त्याने टाइप करून डकवलं, अमुक पाटील यांचा संग्रह. 'अमुक'च्या जागी काय होतं ते तुम्ही वाचलं आहे. म्हणजे ते मासे जमवणाऱ्याचं नाव होतं, माशाचं नव्हे. त्या बरणीत गिरणा नदीतून वैशाखात आणलेले साधे मासे होते. इतके साधे की त्यांना चिठ्ठी लावायची आपल्यापैकी कुणाला गरज वाटली नव्हती.

खऱ्या बरणीला चिठ्ठी होती, माझ्या हातची. 'यांचा. कान नदी. आषाढ.' एवढीच.

आठवतं की आठवण करून देऊ? तुम्ही म्हणालात, लेबल वहिनींनी लिहावं, त्यांचं अक्षर चांगलं आहे. मी दौत पुढे ओढली आणि अडले. नाव घ्या वहिनी, नाव घ्या, म्हणून तुम्ही लग्नातल्या करवलीसारखे माझ्या मागे लागलात. मी 'यांचा' लिहून बरणी तुमच्यापुढे ठेवून दिली. तुम्ही दोघं पोट धरून हसलात. हे म्हणाले, "राहू दे. जगात कुणाला कळो न कळो, रुपचंदला कळेल."

रुपचंदला कळलं नाही.

आमच्या सासूबाईंची गंमत तुम्हीच चारचौघांत सांगायचात. मामंजींचं नाव ज्या शहरासारखं, त्या शहराला त्या जन्मभर पेशव्यांचं गाव म्हणत आल्या. तिथे आमची एक नणंद दिली आहे, तिच्याकडे जायचं तर मोटारीच्या कंडक्टरलाही तेच सांगायच्या, आणि तो बिचारा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचा. आमच्या दारात जे झाड आहे त्याला मी कडू झाड म्हणते. त्याच्या काड्यांनी तुम्ही आमच्या ओट्यावर बसून दात घासले आहेत, तेव्हा त्याचं खरं नाव काय ते तुम्हांला ठाऊक असावं.

एखाद्या साहेबाला हे उमगलं नसतं तर मी त्याला बोल लावला नसता. तुम्ही कापडण्याचे. तुमच्या आईने तुमच्या वडिलांना उभ्या जन्मात कधी नावाने हाक मारली? जिच्यावर बायकोने नाव लिहिलं नाही ती बरणी नवऱ्याची, हे खानदेशातल्या माणसाला कुणी शिकवावं लागतं का? मुंबईचं पाणी पिऊन माणसं शहाणी होतात असं ऐकलं होतं.

'यांचा' लिहिलेली बरणी शोधा. ती तुमच्याच कपाटात आहे. दुसऱ्या कुणाकडे ती जाणं शक्य नाही.

शेवंता


धुळे,
२२ ऑगस्ट १९५६

भाऊजी,

तुमच्या दुसऱ्या पत्राने मला शाळेत धड शिकवू दिलं नाही. मुलींना आंबा काढायला सांगितला आणि स्वतः फळ्यावर मासा काढून उभी राहिले.

बरणी सापडली म्हणता. 'यांचा' म्हणजे कुणाचा याचा बोध होईना, म्हणून निनावी समजून ती खालच्या फळीवर टाकली होती, आणि वर्गात चिरफाड शिकवायला मासे लागले की त्यातून देत होते. दोनच उरले आहेत. हे तुम्ही अशा सुरात लिहिलं आहे की जसं काही घरात कुणी नसताना मांजराने दूध प्यावं. पुराच्या पाण्यात उभं राहून यांनी धरलेले मासे, ते तुमच्या पोरांनी टाचण्या मारून फाडले. त्यातल्या एकाला तरी ठाऊक होतं का आपण काय फाडतो आहोत? त्यांच्या मास्तरालाच ठाऊक नव्हतं, तर त्यांना काय म्हणू?

एवढं करून वर तुम्ही मला नियम सांगता. ज्या चिठ्ठीवर नाव नाही ती पुरावा म्हणून चालत नाही. आठवणीवर शास्त्र उभं राहत नाही. कुणा माहितगाराने नावासकट लेखी दिलं पाहिजे. आणि शेवटी गाऱ्हाणं, की मी तुम्हांला पाण्यात पाहते आहे. भाऊजी, पाण्यात मी मासे पाहते. तुम्हीही तिथेच पाहायला हवे होते. बरणीत पाहून पाहून तुमचे डोळे पांढरे झाले आहेत.

नाव पाहिजे ना तुम्हांला.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून घ्यायचं नाही, असं मला पाचोऱ्याला लग्नाच्या आधी आईने सांगितलं. माझे वडील ड्रॉइंगमास्तर, सुधारक विचारांचे. ते हसले होते, पण तिला चूक म्हणाले नाहीत. मी ते पाळलं. यांचं आयुष्य मी एका अक्षरानेही कमी केलं नाही. आजारपणात डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा मी दिरांकडे बोट केलं. तरी विषमज्वराने पस्तिशीतच गेले. मग मी इतकी वर्षं ओठ मिटून जपलं ते काय होतं? याचा मला इतका राग आला आहे की तो कोणावर काढावा ते कळत नाही. तुम्ही समोर सापडलात, तुमच्यावर काढते.

आज सकाळी सासूबाई ओसरीवर तुरी निवडत होत्या. लिहिण्याआधी जीभ तरी वळते का पाहावं, म्हणून मी ते नाव ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकलं. सुपातला हात थांबला. मला वाटलं, आता मला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हन आते," त्या म्हणाल्या. "तो कोठे ऐकाले शे."

मग पुन्हा तुरी निवडायला लागल्या. मी आत जाऊन पाटावर बसले आणि पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. काही झालं नाही. घरात काही पडलं नाही, फुटलं नाही. त्याचंच मला रडू आलं.

तर घ्या. सोबत नवी चिठ्ठी आहे, ती त्या बरणीला डकवा. 'निंबा पाटील यांचा मासा. कान नदी. आषाढ, १९४९. ही आणि आधीची चिठ्ठी लिहिणारी, त्यांची पत्नी.' झालं तुमचं समाधान? नसेल तर मामलेदाराचा शिक्का मारून पाठवते.

आता फाडण्यातून वाचलेल्या दोघांच्या छातीची गादी भिंगाखाली पाहा आणि खड्डा दिसतो का, मला लिहा. आणि हिंमत असेल तर दिवाळीच्या सुटीत कानवर या. मी सासूबाईंना घेऊन गावी जाणार आहे. ताजे मासे धरून तुमच्यासमोर ठेवते.

शेवंता


साक्रीजवळून,
१२ नोव्हेंबर १९५६

भाऊजी,

तुम्ही आला नाहीत. पेपर तपासायचे आहेत, कळलं.

मी रोज नदीवर जाते आहे. पाणी उतरलं आहे, दगड उघडे पडले आहेत. साडी गुडघ्यापर्यंत खोचून दगड उलटणारी विधवा बाई या गावाने आजवर पाहिली नव्हती. पहिले दोन दिवस बायका धुणं सोडून बघत बसल्या. माझं काय हरवलं असं त्यांनी सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी त्यांना आपापले धोंडे धुवा म्हणून सांगितलं. आता कुणी विचारत नाही. दीर एकदा मदतीला आले, थंड पाण्यात पाय घालून लगेच बाहेर निघाले, आणि भावाला लागलेलं खूळ वहिनीला लागलं म्हणून घरी जाऊन सांगितलं.

मासे मिळाले. चित्रं काढते आहे.

गादी कशी दिसते, असं तुम्ही एकाच पत्रात दोनदा विचारलं आहे. एकदा पुरे होतं. चित्रं अजून पुरी झालेली नाहीत. घरात उजेड बरा नाही, आणि भिंगाला तडा आहे. अर्धवट काम दाखवायची मला सवय नाही. माघात मी पुन्हा येणार आहे. का, ते विचारू नका. त्यानंतर सांगायचं ते सांगेन. तोवर मला लिहू नका.

शेवंता


धुळे,
१९ मार्च १९५७

रुपचंदभाऊजी,

लिहू नका म्हटलं तरी तुम्ही जानेवारीत लिहिलंत. ते पत्र मी आजवर पेटीत साड्यांखाली ठेवलं होतं. दिवसातून एकदा काढून वाचायची आणि परत ठेवायची. सासूबाईंना वाटलं माझ्या माहेरी कुणी आजारी आहे.

तुम्ही लिहिता, "'यांचा' बरणीतले दोन्ही मासे पाहिले. खड्डा नाही. चुण्या सलग, वहिनींच्या चित्राबरहुकूम. चुकीची बरणी घेतली ही माझी चूक, ती मी मान्य करतो. तुमची चिठ्ठी ग्राह्य धरली आहे. दुरुस्तीचं टिपण तयार आहे, येत्या अंकात छापून येईल, आणि 'निंबाई', म्हणजे लॅटिनमध्ये 'निंबाचा', हा मासा पुन्हा आपल्या जागी बसेल. सोबतच्या साक्षीच्या कागदावर सही तेवढी करा. मित्रासाठी एवढं करणं माझं कर्तव्यच आहे. आता तरी तुमचा राग शांत होवो."

हे पत्र मला जूनमध्ये आलं असतं तर मी ते देवापुढे ठेवलं असतं.

तुमचा कागद सही न करता परत पाठवते आहे.

काय झालं ते सांगते. कार्तिकात मी जे मासे धरले त्यांच्या चुण्या सैल पडलेल्या होत्या, आणि मधोमध एक बारीक फट दिसत होती. मी भिंगाच्या तड्याला दोष दिला. धुळ्याहून दुसरं भिंग मागवलं. फट होतीच. म्हणून मी चित्रं पाठवली नाहीत. उजेडाचं वगैरे जे लिहिलं ते खोटं होतं, उजेड चांगला होता. गाव सोडण्याआधी त्यातल्या काहींच्या शेपटीत मी लाल रेशमाचा दोरा ओवला आणि ज्या डोहातून काढले त्यातच सोडून दिले. माघात, महाशिवरात्रीच्या सुटीत, मी पुन्हा त्या डोहात उतरले. दोऱ्याचा एकच मासा हाती आला. मला तेवढा पुरे झाला. त्याच्या छातीत खड्डा होता, उघडा, लख्ख, गिरणेच्या माशांना असतो तसा. काठावर बसून पुन्हा पाहिलं, तेव्हा कार्तिकात मीच काढलेलं त्याचं चित्र माझ्या मांडीवर होतं.

पुराच्या दिवसांत दगड धरून राहायला त्यांची गादी फुगते आणि खड्डा बुजतो. पाणी उतरलं की गादी बसते आणि तो उघडतो. मासा तोच. यांनी पावसाळ्यात धरले, कारण उन्हाळ्यात तिथले मासे डोहात खोल दगडांखाली जातात आणि कुणी त्यांच्या वाटेला जात नाही. गिरणेचे आणले होते वैशाखात. आणि दोन्ही शेजारी ठेवून आपण तिघांनी दोन मासे करून टाकले.

तेव्हा निंबाई नावाचा मासा नाही. तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत तेच खरं.

आता तुम्ही म्हणाल, मग वहिनी इतकी भांडली कशाला? मी अजूनही भांडतेच आहे. उत्तर बरोबर निघालं म्हणून तुमचं काम बरोबर होत नाही. आधी चुकीच्या बरणीवरून बरोबर तेच मोडलंत, आता बरोबर बरणीवरून चुकीचं जोडायला निघालात, आणि दोन्ही वेळा खुर्चीतून उठला नाहीत. एकदा आला असतात, कानच्या पाण्यात पाय बुडवले असते, तर मला हे एकटीने पाहावं लागलं नसतं. तो दोऱ्याचा मासा हातात घेऊन मी त्या डोहात उभी होते आणि दाखवायला कुणी नव्हतं. यांच्यावरही रागावले मी तिथे. एकदा उन्हाळ्यात येऊन पाहायला काय झालं होतं, असं त्यांना मोठ्याने विचारलं. नाव घेऊन विचारलं. आता जीभ वळते.

आणि मित्रासाठी कर्तव्य म्हणजे काय, भाऊजी? मासा काय सत्काराची शाल आहे, मित्राच्या खांद्यावर घालायला? यांनी कधी कुणा विद्यार्थ्याला दयेचा एक गुण दिला नाही. धाकट्या दिरांना नापास करून घरात वर्षभर अबोला सोसला. त्यांच्या नावाला तुम्ही दया दाखवणार, आणि तीही माझा राग शांत व्हावा म्हणून?

सगळंच सांगते. सही करावीशी वाटली होती. माघात कानच्या डोहात कोण उतरणार आहे? तुम्ही तर नक्कीच नाही. मी गप्प बसले तर माझ्या हयातीत कुणाला कळणार नाही, आणि पुस्तकात नाव राहील. मी पेन उचललं होतं. मग सासूबाईंना सांगितलं. त्यांना सिनॉनिम कळत नाही, पण मी कशात अडकले ते कळलं. चित्रं त्यांनी मागून घेतली, उलटसुलट पाहिली. मग एकच विचारलं, मासा एक का दोन. मी म्हटलं, एक.

"मंग एकच सांग," त्या म्हणाल्या. "खोटा मासावर मना आंडोरनं नाव नको."

आंडोर म्हणजे मुलगा, हे तुम्ही विसरला नसाल अशी आशा आहे. हे बोलून त्या उठल्या, चुलीपुढे गेल्या आणि बराच वेळ विझलेली चूल फुंकत बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा मोडा. मी सांगते आहे, मोडा. पण यांची बरणी समोर ठेवून मोडा. निंबा पाटलांनी आषाढात जे पाहिलं ते खरंच तसं होतं, हे लिहा. ऋतूबरोबर गादी बदलते हे त्यांच्याच नदीतल्या माशांवरून कळलं, हेही लिहा. आणि ते लिहिताना जरा स्वतःच्या निबंधाकडेही पाहा. खड्डा आहे आणि खड्डा नाही, एवढ्यावर तुम्ही आणखी कितीतरी माशांची घरं वेगळी केली आहेत. त्यातले कुठले पावसाळ्यात धरले आणि कुठले उन्हाळ्यात, हे निबंधात कुठेच सांगितलेलं नाही. मी शोधलं. तुमच्या मांडणीच्या बऱ्याच भिंती त्या खड्ड्यात उभ्या आहेत, भाऊजी, आणि त्यातल्या काही माशांना तुमचं नाव आहे. तीही मोडावी लागतील. माझ्यासारखंच, स्वतःच्या हाताने. तेव्हा तुमच्या भावना मी समजू शकेन.

चित्रं सोबत आहेत. आषाढातलं जुनंच, कार्तिकातलं आणि माघातलं, तिन्ही एका पानावर घ्या, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. एकोणपन्नास साली चित्राखाली चित्र काढणारीचं नाव छापायचं राहून गेलं होतं, आणि तेव्हा मीही काही म्हटलं नाही. शाळेच्या हजेरीपटावरही मी आजपर्यंत नुसतं 'शे. नि. पाटील' लिहीत आले. या वेळी चित्राखाली पूर्ण नाव छापायचं, मी खाली लिहिते आहे तसंच, एक अक्षर न गाळता.

शेवंता निंबा पाटील